भिंत मालकाची, भांडी भाडेकरूची

भाड्याने दिलेल्या घरात विम्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी असतात : बांधकाम, आतले सामान आणि महिन्याचे भाडे. बांधकाम मालकाचे. सामान बहुतेक वेळा भाडेकरूचे. भाडे हे मालकाचे उत्पन्न. घराला आग लागली, नदीचे पाणी शिरले किंवा वादळाने छप्पर उचलले, तर तिन्हींची हानी एकाच रात्रीत होते. पण ती भरून मागण्याचा हक्क एकाच माणसाकडे नसतो. मालकाच्या पॉलिसीतून भाडेकरूचा फ्रिज मिळत नाही आणि भाडेकरूच्या पॉलिसीतून मालकाची भिंत उभी राहत नाही. ज्या वस्तूच्या नाशाने ज्याच्या खिशाला झळ बसते, त्यालाच त्या वस्तूचा विमा उतरवता येतो. विम्याच्या परिभाषेत याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. भाड्याच्या घराच्या विम्यात होणारे बरेचसे घोटाळे एवढी एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे होतात.

जालना जिल्ह्यात ‘विमा’ हा शब्द उच्चारला, की शेतकऱ्याला आठवतो पीक विमा आणि नोकरदाराला एलआयसी. घराचा विमा बहुतेकांच्या कानावर येतो तो बँकेतून गृहकर्ज घेताना, तोही कागदांच्या गठ्ठ्यातला एक कागद म्हणून. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात पीक विमा एक रुपयात मिळाला, त्यामुळे विम्याची सवय गावोगाव पोचली. पण ती सवय घराच्या विम्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. पीक विम्यात नुकसान मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. घराच्या विम्यात शेजाऱ्याचे काय झाले याला महत्त्व नाही. ज्या घराची पॉलिसी आहे त्या घराचेच मोजमाप होते.

कोणती घरे, कोणते धोके

१ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद जिल्ह्यापासून, आणि परतूरपुरते परभणीपासून, वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. जालना शहरात पोलादाचे कारखाने आणि बियाण्यांचा उद्योग असल्यामुळे बाहेरून आलेला कामगार, कंपन्यांतले अधिकारी, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँक कर्मचारी, शिकायला आलेली मुले असा भाडेकरूंचा कायमचा राबता आहे. त्यांना मिळणारी घरेही तऱ्हेतऱ्हेची. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला कादराबाद. या जुन्या वस्तीत दगडमातीचे वाडे आणि त्यांत पाडलेल्या खोल्या सापडतात. औद्योगिक वसाहतीच्या आसपास पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या ओळी असतात. नव्या वसाहतींत स्लॅबचे दुमजली घर बांधून खाली मालक आणि वर भाडेकरू, हा नेहमीचा नमुना. रस्त्यावरचे घर असेल तर पुढे शटरचा गाळा आणि मागे राहण्याच्या खोल्या.

धोकेही या घरांप्रमाणेच स्थानिक आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी अवकाळी पावसाबरोबर येणारा वारा पत्रे उडवतो. पावसाळ्यात विजा पडतात. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे, उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादमध्ये पूर्णा, मधून दुधना. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पैठणच्या जायकवाडी धरणातून गोदावरीत मोठा विसर्ग सोडावा लागला आणि नदीकाठच्या गावांतल्या लोकांना घरे सोडून हलावे लागले. गंमत अशी, की याच जिल्ह्याचे ठाणे असलेले शहर पाणीटंचाईसाठी ओळखले जाते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे घराघरात जमिनीखाली हौद आणि गच्चीवर एकाला दोन टाक्या असतात. गच्चीवरची टाकी फुटून खालच्या मजल्यावरचे सामान भिजणे ही जालन्यात काल्पनिक शक्यता नाही.

भूकंपाचा धोका मात्र इथे कमी मानला जातो. मानक ब्युरोच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या नकाशात जालना दुसऱ्या, म्हणजे सर्वांत सौम्य विभागात येतो. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जो भूकंप झाला तो मराठवाड्यातच झाला, आणि तिथे माणसे मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड माळवदांखाली. तसली घरे जालना जिल्ह्यात आजही भाड्याने दिली जातात. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा मराठवाड्याला त्याची पुन्हा आठवण झाली.

आपत्तीनंतर बहुतेक घरांचा भरवसा पंचनाम्यावर असतो. सरकारी मदत ही मदत आहे, भरपाई नव्हे, हे तिच्या आकड्यांवरून कळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार सपाटीच्या भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्याला ४,००० रुपये. कपडे आणि भांडी वाहून गेलेल्या कुटुंबाला प्रत्येकी २,५०० रुपये. यातली घराची रक्कम घरमालकाची आणि भांड्याकुंड्यांची त्या घरात राहणाऱ्याची, म्हणजे सरकारी निकषांतही भिंत आणि भांडी वेगळीच धरली आहेत. भाड्याच्या बुडालेल्या उत्पन्नासाठी तिथे रकानाच नाही.

भारत गृह रक्षा

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिचे नाव ‘भारत गृह रक्षा’. अग्नी विम्याचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती विकावीच लागते आणि तिच्यातली मूळ कलमे सर्वत्र सारखी असतात. फरक असतो तो हप्त्यात, सेवेत आणि कंपनीने जोडलेल्या जादा संरक्षणात. त्याआधी घरांना ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ नावाची पॉलिसी मिळे, जी मुळात दुकान-कारखान्याच्या वळणाची होती. तिच्यात सरासरीचे कलम असे. वीस लाखांचे घर दहा लाखांना विमाकृत केले असेल आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर निम्मीच जोखीम कंपनीवर टाकली म्हणून भरपाईही निम्मी, दोन लाख. भारत गृह रक्षेत हे कलम काढून टाकले आहे. नुकसान चार लाखांचे असेल तर चार लाख. मर्यादा फक्त विमा रकमेची.

पॉलिसीत धोक्यांची यादी दिलेली असते आणि त्या यादीतल्या कारणाने झालेले नुकसानच भरून मिळते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणे, जमीन खचणे, दरड, वणवा, बाहेरून काही येऊन आदळणे, दंगल, संप आणि खोडसाळ नुकसान, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या, नळ आणि पाइप फुटणे किंवा ओसंडणे. एवढ्या यादीत जालन्याचे बहुतेक धोके येतात. उडालेले पत्रे वादळात, घरात शिरलेले कुंडलिकेचे पाणी पुरात, गच्चीवरची टाकी टाकीच्या कलमात.

बांधकाम या शब्दाची व्याप्ती पुष्कळ मालकांना माहीत नसते. भिंती आणि स्लॅबबरोबरच कायमची बसवलेली वायरिंग आणि नळफिटिंग, कंपाउंड भिंत आणि फाटक, पोर्च, गॅरेज, सेप्टिक टँक, पाण्याची पक्की टाकी, गच्चीवरचे सोलर पॅनल हे सारे त्यात येते. मात्र प्रस्ताव अर्जात ते धरून रक्कम सांगावी लागते. कच्च्या बांधकामाची व्याख्याही वाचण्यासारखी आहे : भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री अशा गोष्टींचे असणे. पत्रा त्या यादीत नाही. तरी भिंत कशाची आणि छत कशाचे हे अर्जात खरे लिहावे. नुकसान मोजायला सर्व्हेअर आला, की पहिली नजर तिकडेच जाते.

आता या यादीबाहेर काय राहते ते. जालना जिल्ह्यातल्या घरमालकाची सर्वांत नेहमीची तक्रार आहे तड्यांची. मराठवाड्याची काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा पाया दरवर्षी वर-खाली होतो आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा जातो. भाडेकरू तो तडा दाखवून भाडे कमी करायला सांगतो आणि मालकाला वाटते, जमीन खचणे पॉलिसीत आहे, विमा मिळेल. तो मिळत नाही. जमीन खचण्याच्या कलमातच अपवाद लिहिलेला आहे : बांधकामाचे नेहमीचे बसणे, सामान्य तडे, भरावाच्या जमिनीची हालचाल, नदीकाठाची धूप, सदोष आराखडा, निकृष्ट काम किंवा साहित्य. म्हणजे जमीन एकाएकी खचून घर कलले तर दावा, मातीच्या ऋतुचक्राने भिंत चिरली तर दुरुस्ती मालकाच्या पदरची. हा धोका विम्याने टळत नाही. तो टळतो तळखड्डा पुरेसा खोल घेऊन, खाली मुरूम भरून आणि प्लिंथ बीम टाकून, म्हणजे घर बांधतानाच. भाड्याच्या उत्पन्नासाठी घाईने उठवलेल्या खोल्यांत नेमकी हीच काटकसर झालेली असते.

दुसरा अपवाद चोरीचा. ही आगीची पॉलिसी आहे, चोरीची नव्हे. यादीतली एखादी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत आणि तिच्यामुळेच झालेली चोरी एवढीच तिच्यात आहे. पुराने दार मोडले आणि दुसऱ्या रात्री सामान उचलले गेले, तर. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी किंवा ‘हाउसहोल्डर’ नावाची जोडपॉलिसी घ्यावी लागते, जिच्यात घरफोडी, विजेच्या उपकरणांचा बिघाड, दागिने, त्रयस्थाला झालेली इजा असे विभाग निवडून घेता येतात.

शॉर्टसर्किटबद्दलचा गैरसमजही असाच. व्होल्टेज वाढून टीव्ही जळाला, तर टीव्हीची किंमत मिळत नाही. ज्या यंत्रात दोष उद्भवला ते यंत्र वगळलेले आहे. त्याच टीव्हीची ठिणगी पडद्याला लागून घर पेटले, तर टीव्ही सोडून बाकीचे नुकसान आगीच्या कलमात येते. युद्ध, अणुदुर्घटना, मुद्दाम केलेले नुकसान आणि झीज हे अपवाद सगळीकडचेच आहेत.

किती रकमेचा

घराच्या विम्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. घर जळाले तरी प्लॉट जागेवर राहतो. मंठा चौफुलीजवळच्या प्लॉटचा भाव आणि भोकरदनच्या गल्लीतला भाव यांत कितीही अंतर असो, विमा रकमेचा हिशोब एकच : चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गुणिले पॉलिसी सुरू होते त्या दिवशीचा बांधकामाचा दर. खरेदीखतातली किंमत किंवा बाजारभाव अर्जात लिहिणारा मालक कधी गरजेपेक्षा दुप्पट हप्ता भरतो, तर कधी वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीच्या आकड्यावर निम्म्याहून कमी संरक्षण घेऊन बसतो.

समजा, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या घराचे चटई क्षेत्र ७० चौरस मीटर आहे आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला १८,००० रुपये धरला. विमा रक्कम १२,६०,००० रुपये. एका वर्षाहून जास्त मुदतीची पॉलिसी घेतली (ती दहा वर्षांपर्यंत मिळते) तर दरवर्षी ही रक्कम जादा हप्ता न घेता १० टक्क्यांनी वाढते, म्हणजे पहिल्या वाढदिवसाला १३,८६,००० रुपये. वाढीची कमाल मर्यादा मूळ रकमेइतकीच. सिमेंट-सळईचे भाव चढत असताना ही तरतूद कामाची आहे. जालन्यासारख्या सळईच्या गावात तर भाव चढल्याची वार्ता आधी पोचते.

बांधकाम आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ते २,५२,००० रुपये होते. यापेक्षा जास्त हवे असेल तर वस्तूंची यादी द्यावी लागते. भाड्याच्या घराला ही सोय फसवी ठरू शकते. रिकाम्या खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाचे तिथे सामान असते तरी किती? दोन पंखे आणि एक गिझर. त्या २,५२,००० रुपयांतून भाडेकरूच्या सोफ्याचे पैसे मिळतील असे मालक समजतो, भाडेकरूही तसेच समजतो, आणि दोघेही चुकतात. मालकाने फक्त बांधकामाची पॉलिसी घ्यावी. फर्निचरसह घर दिले असेल तरच सामानाची.

दाव्याच्या रकमेशिवाय वास्तुविशारद आणि अभियंत्याचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पण साध्या पक्क्या घराचा दर हजार रुपयांच्या विमा रकमेमागे बहुधा पैशांतच मोजला जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, घराच्या विम्यावरचा उठला नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून हा हप्ता वेगळा वजा करता येत नाही. दुरुस्ती, विमा, देखभाल यांसाठी मिळून आयकर कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो, मग खर्च होवो वा न होवो.

बुडालेले भाडे

घर राहण्यालायक उरले नाही, भाडेकरू निघून गेला आणि दुरुस्तीला चार महिने लागले, तर ते चार महिन्यांचे भाडे हेही मालकाचे नुकसानच आहे. भारत गृह रक्षेत यासाठी कलम आहे आणि भाड्याच्या घराच्या दृष्टीने ते सगळ्या पॉलिसीत महत्त्वाचे आहे. तरी अर्ज भरताना तो रकाना बहुतेकदा रिकामा जातो. हिशोब असा : या कलमाखाली घेतलेली विमा रक्कम, गुणिले दुरुस्तीला लागलेला काळ, भागिले निवडलेला काळ. महिना ८,००० रुपये भाडे असलेल्या घरासाठी बारा महिन्यांचे ९६,००० रुपये घेतले आणि दुरुस्तीला चार महिने लागले, तर ३२,००० रुपये. घर राहण्यालायक नसल्याचा दाखला वास्तुविशारदाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा लागतो. जास्तीत जास्त मुदत तीन वर्षांची. भाडेकरू मिळाला नाही म्हणून किंवा भाडेकरूने भाडे थकवले म्हणून झालेले नुकसान यात येत नाही. यादीतली घटना घडून घर निकामी व्हायला हवे.

हेच कलम भाडेकरूलाही उपयोगी पडते. त्याची पॉलिसी असेल आणि त्याला दुसरीकडे जास्त भाड्याने राहावे लागले, तर जुन्या आणि नव्या भाड्यातला फरक मिळतो.

भाड्याचा दावा करायचा तर भाडे किती होते हे दाखवावे लागते, आणि इथे गाडी अडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोपर्यंत मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या वारशातून आलेला १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा चालत असे. मुंबई इलाख्याला आणि विदर्भाला आपापले वेगळे. नव्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. तरी मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा करार सर्रास चालतो, आणि भाडे रोखीने घेतले जाते. कारण उघड आहे. पण कागदावर तीन हजार आणि हातात आठ हजार घेणाऱ्या मालकाला विम्यातही तीन हजारच मिळतात.

घर कोसळल्यावर करारच राहतो का, हा प्रश्न वेगळा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये याचे उत्तर आहे : आग, वादळ, पूर किंवा जमावाचा हिंसाचार यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार पट्टा रद्द होतो. निर्णय भाडेकरूचा, मालकाला ‘घर गेले तरी करार संपेपर्यंत भाडे दे’ असे म्हणता येत नाही. बुडालेल्या भाड्याच्या कलमाचे महत्त्व इथे कळते.

भाडेकरूची बाजू

भाडेकरूसाठी वेगळी पॉलिसी लागत नाही. भारत गृह रक्षाच फक्त सामानासाठी घेता येते. दागिने आणि तशाच मौल्यवान वस्तू मूळ संरक्षणात नाहीत, त्यांची किंमत आधी ठरवून वैकल्पिक कलम घ्यावे लागते. पोलाद कारखान्यातला कामगार एका खोलीत चौघांबरोबर राहत असेल, तर त्याने विमा घ्यावा असे म्हणणे पुस्तकी ठरेल. पण कुटुंबासह राहणाऱ्या शिक्षकाच्या घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट, लॅपटॉप, पलंग असे दोन-तीन लाखांचे सामान सहज असते.

गॅसचा प्रश्न भाडेकरूने विशेष समजून घ्यावा. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी जो सामूहिक दायित्व विमा घेतलेला असतो, त्यात सिलिंडरच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख रुपये, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत (एका घटनेला तीस लाखांच्या मर्यादेत) आणि मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेमागे दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मात्र मालमत्तेची तरतूद नोंदणीकृत पत्त्यावरच्या जागेपुरती आहे. गावाकडच्या कनेक्शनचा सिलिंडर जालन्याच्या खोलीत आणून वापरणारा भाडेकरू ही तरतूद गमावून बसतो. पत्ता बदलून घ्यायला एक अर्ज पुरतो.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कंपनीने मालकाला भरपाई दिली, की नुकसानीला जबाबदार असणाऱ्याकडून वसुली करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे जातो. आग भाडेकरूच्या निष्काळजीपणाने लागली असेल, तर मालकाला पैसे मिळाल्याने भाडेकरू सुटला असे होत नाही. डिपॉझिट कापून घेण्याचा जालन्यातला रिवाज या ठिकाणी तोकडा आहे. दोन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये जळालेला स्वयंपाकघराचा स्लॅब बसत नाही. करारातच दुरुस्ती कोणाची, विमा कोणाचा, वायरिंगमध्ये बदल कोणाला विचारून करायचा हे लिहिणे उत्तम. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे.

पुढे गाळा आणि मागे घर असेल, तर भारत गृह रक्षा फक्त राहत्या भागाला लागू पडते. गाळ्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे, एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी. भाडेकरूने खोलीत खानावळ सुरू केली आणि मालकाने कंपनीला कळवले नाही, तर दावा अडचणीत येतो. घर भाड्याने दिले, वापर बदलला, घर बराच काळ बंद राहणार आहे : यातले काहीही झाले तरी कंपनीला लेखी कळवून तिची पोच जपून ठेवावी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे एखादे घर भाड्याने दिलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय वेगळ्या नावाने ओळखीचा आहे. तिथे स्वतः राहत असलेल्या घराची पॉलिसी एक आणि भाड्याने दिलेल्या घराची ‘ड्वेलिंग’ पॉलिसी दुसरी. तिचे डीपी-१, डीपी-२, डीपी-३ असे चढते प्रकार असतात. पहिल्यात मोजके धोके आणि घसारा कापून भरपाई, तिसऱ्यात बांधकामापुरते, वगळलेले सोडून बाकी सारे धोके. एक फरक मात्र भारताच्या बाजूचा आहे. तिथल्या नेहमीच्या पॉलिसीत पूर आणि भूकंप नसतात. पुरासाठी १९६८ पासूनची सरकारी योजना वेगळी घ्यावी लागते. इथे दोन्ही मूळ पॉलिसीतच आहेत.

दावा

नुकसान झाले, की त्याच दिवशी कंपनीला कळवावे. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, दंगल किंवा चोरी असेल तर पोलिसांची नोंद, पूर किंवा वादळ असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याने (२०२४ पर्यंत ज्यांना तलाठी म्हणत) केलेला पंचनामा. सरकारी मदतीसाठी केलेला पंचनामा विम्यातही पुरावा म्हणून चालतो, त्याची प्रत घ्यावी. आवरायला लागण्याआधी फोटो काढावेत. चिखल धुऊन टाकल्यावर पाणी किती उंचीवर आले होते हे कोणी सांगू शकत नाही. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

मालकी दाखवण्याची कागदपत्रे शहरात आणि गावात वेगळी. शहरात खरेदीखत, मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीची पावती. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, किंवा स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर सनद. भावाभावांच्या सामाईक वाड्यात पॉलिसी एकाच्या नावावर आणि नोंद वडिलांच्या नावावर असते. दाव्याच्या वेळी वारसनोंदीचा प्रश्न निघतो आणि महिने जातात. पॉलिसी घेतानाच सर्व सहमालकांची नावे घालणे सोपे. मुदतीत विमाधारकाचा मृत्यू झाला, तर भारत गृह रक्षा वारसांसाठी चालू राहते. घर विकले, तर ती खरेदीदाराकडे आपोआप जात नाही. घरावर कर्ज असेल, तर भरपाईवर आधी बँकेचा हक्क असतो.

दावा कळवल्यावर कंपनीने नेमलेला परवानाधारक सर्व्हेअर येतो. तो कंपनीचा नोकर नसतो, तरी त्याचे शुल्क कंपनी देते. सर्व्हेअरचा अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवावा, असे नियामकाचे २०२४ चे परिपत्रक सांगते. नाकारले तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे.

कंपनीच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर दोन वाटा आहेत. एक, विमा लोकपाल. जालना जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षात तक्रार करायची असते आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. दुसरी, जालन्यातलाच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आयोगाची पायरी ठरवताना दाव्याची रक्कम पाहत नाहीत, भरलेला हप्ता पाहतात, त्यामुळे घराच्या विम्याची जवळजवळ प्रत्येक तक्रार जिल्ह्यातच दाखल होते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. तो पटला नाही तर तक्रारदाराला आयोगाकडे जाता येते.